शेपटं सांभाळणारी रायली

लापुआ नदीकाठच्या आमच्या सपाट मुलखात कुणी रायलीचं नाव काढलं की ऐकणारा विचारतो, "कोण, सापारो?" सापारो म्हणजे डुकराचं वळलेलं शेपूट, आणि सापारो म्हणजेच शाळकरी पोरीची आखूड वेणी. दोन्हींना इथं एकच शब्द. लहानपणी रायलीच्या कानांमागे तशा दोन वेण्या होत्या, त्यावरून पोरांनी नाव पाडलं. पुढे वेण्या गेल्या, केस पिकले, साठी जवळ आली, नाव काही सुटलं नाही. उलट तिच्या धंद्यानं त्यावर शिक्काच मारला.

धंदा बदलीवालीचा. शेतकरी सुट्टीवर गेला, आजारी पडला, लेकीच्या बाळंतपणाला गेला, की त्याची जनावरं सांभाळायला सरकारी खर्चानं एक बदली माणूस येतो. गाईंकडे जायला पुष्कळ जण तयार असतात. डुकरांकडे जायचं म्हटलं की नाकं मुरडतात. वासामुळे, असं सांगतात. खरं कारण शेपूट.

इतर मुलखांत पिल्लू जन्मलं की चार दिवसांच्या आत त्याचं शेपूट छाटून टाकतात. चावायला काही उरलं नाही, मालक निश्चिंत. आमच्याकडे ते चालत नाही, कायद्यानंच बंदी आहे. शेडमध्ये शेकडो डुकरं, आणि प्रत्येकाला अख्खं शेपूट. ते टिकवायचं तर मोकळी जागा लागते, पेंढा लागतो, हवा-पाणी-खाणं सगळं वेळच्या वेळी लागतं. कुठं काही बिनसलं की एखादं डुक्कर शेजाऱ्याचं शेपूट चघळायला लागतं. रक्त येतं, आणि रक्ताची चव लागली की अख्खा कप्पा पिसाळतो. मालकाच्या देखत झालं तर ते नशीब. मालक नसताना झालं तर बदलीवाल्याच्या नावानं गावभर शंख.

रायली शेडमध्ये शिरली की आधी डुकरांच्या मागं जाऊन उभी राहायची. शेपूट वर वळलेलं असेल तर सगळं ठीक. लोंबायला लागलं तर कुरबूर आहे. आणि डुकरानं शेपूट घातलं, पार मांड्यांत दडवलं, तर समजायचं की आता इथं दात लागणार. "शेपूट छाटलं म्हणून डुक्कर काही सुखी होत नाही," ती एकदा दुकानात म्हणाली होती. "ते फक्त गप्प होतं." इतकं लांब बोलणं तिच्या तोंडून ऐकल्याचं दुकानदाराला एवढं नवल वाटलं, की त्यानं घरी जाऊन ते बायकोला सांगितलं.

कारण रायली बोलतच नसे. आमच्याकडे तशी कुणाचीच जीभ सैल नाही. बसथांब्यावर दोन माणसं उभी असली तर मध्ये तिसरं मावेल एवढं अंतर ठेवतात, आणि गप्प राहणं ही आम्ही सभ्यता मानतो. पण रायलीनं कमाल केली होती. नवरा मिळाला तोही तसाच. ओइवा लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर होता. दोघांनी आयुष्यभर तोंडाला कुलूप लावून संसार केला, आणि सुखानं केला. शनिवारी सौनातलं वाफेचं स्नान, रविवारी केक आणि कॉफी, मधल्या दिवसांत "बर्फ पडणार" आणि त्यावर "हं". काही वर्षांपूर्वी ओइवा गेला. तेव्हा घरातला आवाज काही फारसा कमी झालेला नाही, असं एकदा रायलीच्या मनात आलं, आणि ते मनात आल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

त्या फेब्रुवारीत हिल्का तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हिल्का म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, नदीपलीकडच्या कौकोची बायको. कौकोची शेड आमच्या भागातली मोठी.

"सापारो, मला तुझा एक आठवडा दे," हिल्का म्हणाली.

"कुठं निघालीस?"

"कॅनरी बेटांवर. कौकोला घेऊन."

कॉफी ओतता ओतता रायलीचा हात थांबला. "कौको? विमानात?"

"हसू नकोस. तिकिटं काढलीत मी. त्याला सांगितलं, येतोस तर ये, नाहीतर तुझ्या त्या डुकरांशीच लग्न लाव."

कौकोनं कित्येक वर्षांत एक रात्रही बाहेर काढली नव्हती. फार पूर्वी तो मेव्हण्याच्या लग्नाला दोन दिवस गेला होता. बदलीवर आलेल्या माणसाचं लक्ष नव्हतं. परत येऊन बघतो तर दोन कप्प्यांत शेपटांचे नुसते खुंट उरलेले. त्यानं तेव्हाच कानाला खडा लावला.

"मला तो समुद्र नको गं," हिल्का म्हणाली. "मला हा माणूस समोर बसलेला हवाय. घरी कॉफी उभ्यानं पितो. घोट घेतला की पळाला शेडकडे. संध्याकाळी विचारते, काय रे, काय विशेष? तर म्हणे, काही नाही. दिवसभर माणूस तिकडं असतो आणि सांगायला काही नाही! एक आठवडा मला असा हवाय की ह्याला पळायला शेडच नसेल."

"जा."

"एवढंच?"

"शेपटं मी सांभाळते. अख्खी परत देईन."

हिल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे अशा वेळी दुसऱ्यानं खिडकीबाहेर बघायचं असतं. रायलीनं बघितलं.

जायच्या आदल्या दिवशी कौकोनं तिला शेड दाखवली. खाणं कधी, पाणी कुठून, कोणता पंखा मधूनच दगा देतो, पेंढा किती पसरायचा, सगळं सांगितलं. रायली मागून बघत होती. शेपटं अशी वळलेली, जणू कुणी एकेक बसून वळली असावीत.

"एक जरी शेपूट चावलं गेलं, तरी मला फोन करायचा," कौको म्हणाला. "मी मिळेल त्या विमानानं परत."

"बरं."

"लपवायचं नाही."

"नाही."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "आणि आणखी एक..."

"काय?"

त्याचे कान लाल झाले होते. "काही नाही," म्हणाला आणि गेला.

पहिला दिवस बरा गेला. रायली दुसऱ्याच्या शेडमध्ये नेहमी वागायची तशी वागली, पाहुण्यासारखी. पाऊल हलकं, बादली हळूच टेकवायची, दार हातानं धरून लावायचं. मालक नाही, आपण परक्या, निदान त्या बिचाऱ्यांना त्रास नको. तिच्यामुळे शेड देवळासारखी शांत झाली, आणि तिला वाटलं, छान चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागं जाऊन उभी राहिली. खिडकीकडच्या कप्प्यात निम्मी शेपटं लोंबत होती. दोघांनी तर शेपूट घातलं होतं. तिनं पंखा तपासला, पाण्याच्या तोट्या दाबून पाहिल्या, खाणं हातात घेऊन हुंगलं. सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं पेंढा दुप्पट टाकला, बर्चच्या फांद्या टाकल्या, जाडा दोर बांधून दिला. डुकरं जरा वेळ खेळली. मग परत पुढं येऊन कठड्याला नाकं लावून उभी राहिली, तिच्याकडं तोंड करून. आणि तिच्या हातून फावडं निसटलं तशी सगळी एकदम दचकून एकमेकांवर आदळली.

तिसऱ्या दिवशी रक्त दिसलं.

चावणारी एक तरणी मादी होती, तिला रायलीनं वेगळं केलं. ज्यांना चावा बसला होता ती तीन डुकरं आजारी कप्प्यात हलवली. बाकीच्यांच्या शेपटांना पाइनच्या लाकडाचं डांबर फासलं. ते कडू असतं, सहसा कुणी तोंड लावत नाही. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, पाठ मोडून आली होती. तेवढ्यात फोन वाजला. हिल्कानं फोटो पाठवला होता. समुद्र, ऊन, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत पाठमोरा कौको. लांब पँट, पायांत मोजे. खाली हिल्कानं लिहिलं होतं, "समोर बसतोय! काल जेवताना एक तास बसला!!"

रायलीनं फोटोतले खांदे बघितले. ते चांगलेच पडलेले होते. माणसाला शेपूट असतं तर कौकोचं आत्ता कुठं असतं, ते तिला न बघता कळलं. पण दोन उद्गारचिन्हंही तिनं बघितली. आपण फोन केला की हा माणूस विमानतळावर जाऊन बसणार, आणि हिल्काच्या जन्मात पुन्हा घराबाहेर पडणार नाही. तिनं फोन खिशात टाकला. शब्द दिला होता लपवणार नाही म्हणून, आणि ती लपवत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी पलीकडच्या कप्प्यातही शेपटं लोंबली. त्या कप्प्यात पेंढ्याची कमी नव्हती, हवा चोख होती, आणि तिथंही सगळी कठड्याशी येऊन तिच्या तोंडाकडं बघत उभी. रायलीनं हात टेकले. हिल्काला दिलेला शब्द मोडला तर मोडला, पण जनावरांना तिच्या शब्दाची किंमत का मोजायला लावायची? ती शेडच्या मधल्या वाटेवर उभी राहिली आणि तिनं कौकोला फोन लावला.

"कौको. रायली."

"किती?" त्यानं एवढंच विचारलं.

"तीन. आजारी कप्प्यात आहेत. शेपटं निम्मीअधिक शिल्लक आहेत, जखमा कोरड्या आहेत. पण दुसऱ्या कप्प्यातही लक्षण दिसतंय. मी कालच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

  पलीकडे लांबवर कुणाच्या तरी पोराचं किंचाळणं, लाटा.

"हवा?"

"ठीक."

"पाणी?"

"सगळ्या तोट्या बघितल्या. खाणंही तेच. नुसती पुढं येऊन उभी राहतात रे. माझ्याकडं बघतात. कशाची वाट बघतात कळत नाही."

 मग कौकोचा आवाज एकदम खाली आला. "रायली, तू... बोलतेस का त्यांच्याशी?"

"कुणाशी?"

"त्यांच्याशी."

"डुकरांशी? नाही. कशाला त्रास द्यायचा?"

"मी बोलतो," कौको म्हणाला.

"म्हणजे, हो-हो, चल-चल असं?"

"नाही गं. बोलतो. सकाळी शिरल्यापासून निघेपर्यंत. जन्मल्यापासून त्यांना सवय आहे. सांगणार होतो तुला. लाज वाटली."

आणि मागून हिल्काचा आवाज आला, स्वच्छ. "कुणाशी बोलतोस तू दिवसभर?"

रायलीला वाटलं फोन ठेवून द्यावा. दुसऱ्याच्या संसारात असं उभं राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण खिडकीकडच्या कप्प्यात कुणीतरी किंचाळलं आणि तिनं फोन घट्ट धरला.

"मी येतो," कौको म्हणाला. "संध्याकाळचं विमान असेल."

"थांब," रायली म्हणाली. "तू यायची काय गरज? आवाज आला तरी पुरे. मी फोनचा आवाज मोठा करते आणि वर धरते. बोल."

"इथं? हॉटेलच्या गच्चीत? हिल्का बसलीये समोर!"

"बसू दे. इथं चावताहेत, कौको."

तिनं हात उंच केला. फोनमधून एक खाकरणं ऐकू आलं. आणि मग, "काय रे बदमाशांनो."

रायली सांगते, ती शेड एका क्षणात बदलली. कान उभे राहिले. शेकडो डुकरांनी माना वर केल्या, आणि मग तो आवाज सुरू झाला, सुखातल्या डुकराचा, पोटातून येणारा, हूं हूं हूं. एका कप्प्यातून दुसऱ्यात तो पसरत गेला. कौकोला तो पलीकडे ऐकू गेला असणार, कारण त्याचा आवाज सैल झाला.

"मी लांब आलोय. इथं नुसतं ऊन आहे. बर्फाचा कण नाही. भाकरी पांढरी देतात, तिला ना चव ना चोथा. तुम्ही रायलीला त्रास देऊ नका, चांगली बाई आहे, फक्त बोलत नाही. ओइवा होता तेव्हाही बोलत नसे. तुम्हाला सांगतो, इथं गंमत आहे एक. हिल्का रोज सकाळी समुद्रात जाते. निळी टोपी घालते. लांब जाते आणि मागं वळून हात करते. मी खुर्चीत बसून असतो. तिला वाटतं, ह्याचं मन शेडमध्ये अडकलंय, म्हणून हा येत नाही. तसं नाही रे. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. लग्नाआधी तिच्यापुढं बढाई मारली होती की मी नदी पोहून जातो. मग कसं सांगायचं? तेव्हा राहिलं ते राहिलंच. ती लांब जाते तेव्हा माझ्या छातीत धडधडतं. ती दिसेनाशी झाली तर मी काय करणार, हेच डोक्यात असतं. कॉफी पण गार होते..."

तो थांबला. समोर कोण बसलंय, ते त्याला बहुतेक तेव्हा आठवलं.

 शेडमध्ये डुकरं हूं हूं करत होती. रायलीचा हात भरून आला होता, पण तिनं तो खाली घेतला नाही.

"अरे गाढवा," शेवटी हिल्का म्हणाली. आवाज रडका होता की हसरा, ते फोनवरून कळेना. "डुकरांना सांगितलंस? इतकी वर्षं मी टेबलाच्या ह्या बाजूला बसलेय, आणि डुकरांना सांगितलंस?"

"ती काही म्हणत नाहीत," कौको म्हणाला.

"मी काय म्हटलं असतं?"

"हसली असतीस."

"हसलेच असते! हसले असते आणि गुडघाभर पाण्यात तुझ्याबरोबर उभी राहिले असते, मूर्ख माणसा." मग फोन तिनं हिसकावून घेतलेला रायलीला कळला. "सापारो, ऐक. हा परत येत नाही. मी ह्याला पाण्यात नेतेय, आत्ता. रोज सकाळी हा तुझ्या फोनवर थोडा वेळ बोलेल. पण दिवसभर तूच बोलायचं."

"मी?"

"तूच."

"काय बोलू?"

"मला काय विचारतेस? मला तरी आजवर कुठं काही सांगितलंयस?" हिल्का म्हणाली आणि फोन बंद झाला.

रायली वाटेवर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी नाकं कठड्याला लागलेली, डोळे तिच्यावर. सगळ्या गावासमोर भाषण करायला उभं केल्यासारखी तिची गत झाली. तिनं घसा साफ केला. "बर्फ पडणार," ती म्हणाली. मग पुढं काय ते सुचेना. "हं," तिनं स्वतःच उत्तर दिलं, आणि तिला हसू आलं.

त्या दिवशी ती हवामान बोलली, नदी बोलली, दुकानदाराच्या बायकोच्या गुडघेदुखीचं बोलली. दुपारनंतर घसा बसला, कारण गळ्याला सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या वेण्यांवर आली. ज्या पोरानं नाव पाडलं त्याला नदीत ढकललं होतं, हे तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. पेंढा पसरताना बोलायची, पाणी सोडताना बोलायची. डांबर होतंच, दोर होता, फांद्या होत्या, आणि वर हे. शेपटं आधी लोंबायची थांबली. मग एकेक करत वर जाऊ लागली. ज्या कप्प्यात रक्त आलं होतं, तिथं शेवटी वळली, पण वळली. रायली मागं उभी राहून बघायची आणि आता तेही मोठ्यानं सांगायची, "बघ, तुझं आलं वर. तुझंही. तू काय रुसून बसलायस?"

कौको-हिल्का परत यायच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. शेडच्या बाहेरच्या खोलीत आपले बूट काढून शेडचे बूट घालावे लागतात, तसे तिनं घातले, आणि थंडी तळपायातून सरळ वर चढली. बूट रात्रभर गारठून दगड झाले होते. ती तशीच बाकावर बसून राहिली. मग आत गेली, वाटेत उभी राहिली आणि बोलायला लागली.

"ओइवा माझ्याआधी उठायचा," ती म्हणाली. "ट्रक लांब जायचा असेल तर पहाटेच. माझे बूट चुलीपाशी ठेवून जायचा. तोंड चुलीकडं करून, म्हणजे आत ऊब शिरते. मी उठून घालायचे तेव्हा ते गरम असायचे. हिवाळाभर. दर हिवाळ्याला. तो ते कधी बोलला नाही, आणि मी पण कधी बोलले नाही. मला वाटायचं, बोलायचं काय त्यात, त्याला माहीतच आहे. आता वाटतं, त्याला कसं माहीत असणार? मी उठायच्या आत तो गेलेला असायचा. बूट गरम होतात का, मला बरं वाटतं का, मी बघितलं तरी का, त्याला कुणी सांगितलं? तरी ठेवत राहिला."

 तिनं बाहीनं डोळे पुसले. डुकरं हूं हूं करत होती, पेंढा कुरकुरत होता. बाहेर अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं आपटली, हिल्काचं हसणं आणि कौकोचं काहीतरी लांबलचक बोलणं जवळ येऊ लागलं. रायलीला घाई झाली. ती दोघं आत येण्याआधी तिला हे पुरं सांगायचं होतं.

"गरम असायचे, ओइवा," ती मोठ्यानं म्हणाली. "रोज. मला कळायचं."